खडी गंमत रेकॉर्ड करण्याआधी करार लिहा

विद्यापीठ आणि शाहिरांचा फड मिळून नागपुरात खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याचा डिजिटल संग्रह करायचा म्हटलं की आधी माइकची यादी बनते, कराराची आठवण शेवटी. क्रम उलटा हवा.

करारात 'सर्व हक्क दिले' एवढ्यावर भागत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19: मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो संपतो. विद्यापीठात फाइल हलायलाच वर्ष जातं, तेव्हा ही अट आधी बदलून घ्या. 2012च्या दुरुस्तीनंतर, करारावेळी अस्तित्वात नसलेलं माध्यम नाव घेऊन लिहावं लागतं. 'भविष्यातील सर्व माध्यमं' असं मोघम नको.

पैसे देऊन व्हिडिओ करून घेतला तर मालकी सहसा पैसे देणाऱ्याची. संग्रहासाठी बाहेरच्या प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड मात्र हक्क लेखी घेतल्याशिवाय त्याचाच राहतो. इथेच बरेच जण फसतात.

करार झाला की रेकॉर्डिंग: ढोलकी, तुणतुणं आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर, ध्वनीचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण 8.6 एमबी. फाइलच्या नावातच कलाकार आणि कराराचा क्रमांक घाला. मागून सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांचीही सही घ्या, तेही कलाकारच आहेत.