‘ला बाम्बा’चं शेपूट

कव्हर व्हर्जनच्या (दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्याच्या) बाबतीत माझा एक खडूस नियम आहे: मूळ गाण्यात नसलेलं काहीतरी त्यात सापडलं पाहिजे, नाहीतर मूळच ऐकलेलं काय वाईट? या नियमापायी माझ्या प्लेलिस्टमधून भलेभले बाद झालेत. लॉस लोबोस या अमेरिकन बँडचं ‘ला बाम्बा’ मात्र टिकून आहे, आणि तेही गाणं संपता संपता येणाऱ्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या जोरावर.

आता ‘मूळ’ कशाला म्हणायचं, इथूनच वाद सुरू होतो. बहुतेकांच्या कानात बसलंय ते रॉक गायक रिची व्हॅलेन्सचं १९५८ सालचं रेकॉर्डिंग. पण तेही कव्हरच! गाणं मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरचं, वेराक्रूझ भागातलं लोकगीत. तिथल्या या संगीताला सोन हारोचो म्हणतात. हराना आणि रेकिंतो ही गिटारच्या कुळातली छोटी वाद्यं, जोडीला हार्प, आणि तालासाठी चक्क नाचणाऱ्यांचे पाय. तरिमा नावाच्या लाकडी फळ्यांच्या मंचावर टाचा आपटत नाचायचं, तोच ताल. ‘ला बाम्बा’वर जोडपं नाचता नाचता जमिनीवरच्या लांब फितीची नुसत्या पायांनी गाठ बांधतं. कडव्यांचा आकडा ठरलेला नाही, गाणारा ऐनवेळी भर घालतो. ‘मी खलाशी नाही, मी कप्तान’ ही त्यातली फुशारकी बंदरावरच सुचू शकते.

रिची व्हॅलेन्स म्हणजे रिचर्ड व्हॅलेन्झुएला, लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागातला मेक्सिकन कुटुंबातला मुलगा. स्पॅनिश त्याला धड बोलता येत नव्हतं. हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा वय १७. सोबतीला कसलेली मंडळी: ड्रम्सवर अर्ल पामर, ऱ्हिदम गिटारवर कॅरल के, आणि सहा तारांच्या डॅनलेक्ट्रो बेसवर रेने हॉल. तबकडीची मुख्य बाजू होती ‘डोना’, ही मागची. ‘डोना’ बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, ‘ला बाम्बा’ बाविसाव्यावर अडकलं. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान कोसळलं आणि बडी हॉली, बिग बॉपर या गायकांसोबत तोही गेला.

मी गिटार शिकते, त्यामुळे हे गाणं माझ्या वाट्याला आलंच. कॉर्ड तीनच: सी, एफ, जी. डाव्या हाताचं ठीक आहे (एफला तर्जनी कुरकुरते, तिला कुरकुरू दे). खरी मारामारी उजव्या हाताशी. सी आणि एफ झटपट उरकायचे, मग जीवर रेंगाळायचं आणि तिथून थेट पुन्हा सी. घरी पोचलो म्हणेपर्यंत निघायची वेळ झालेली असते, म्हणून ही चाल कुठे संपतच नाही. तीन कॉर्डच्या या चक्रावर अख्खं गाणं उभं राहतं, आणि व्हॅलेन्स ते दोन मिनिटांच्या जराशा वर आवरतो. आवाजात पोरगेलेपणा आहे, थोडी घाईही आहे, आणि मला ती हवीहवीशी वाटते.

१९८७ मध्ये दिग्दर्शक लुईस वाल्देझने व्हॅलेन्सच्या आयुष्यावर चित्रपट काढला. पडद्यावर लू डायमंड फिलिप्स, गळा लॉस लोबोसच्या डेव्हिड हिडाल्गोचा. त्या ऑगस्टमध्ये त्यांचं ‘ला बाम्बा’ बिलबोर्डवर पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. बहुतेक गाणं व्हॅलेन्सच्या पावलावर पाऊल ठेवून जातं. तेवढ्यावर निकाल लावायचा तर मी व्हॅलेन्सच्या बाजूने. हिडाल्गो जास्त सुरेल गातो, तिशी ओलांडलेला माणूस आहे, सगळं काबूत. ड्रम्स मात्र ऐंशीच्या दशकाचे, नको तितके भरदार.

आणि मग ते शेपूट येतं. गाणं संपलं असं वाटतं, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स बाजूला होतात, आणि नुसत्या अकूस्टिक तारा धावत सुटतात. चाल तीच, पण गाणं आता वेराक्रूझमध्ये आहे. व्हॅलेन्सने जे लोकगीत रॉकमध्ये आणलं, ते यांनी त्याच्याच नावावर ओळखल्या जाणाऱ्या गाण्यात परत लोकगीत करून दाखवलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये हे नाही, असू शकतही नव्हतं.

हा काही स्टुडिओत सुचलेला चमत्कार नाही. लॉस लोबोस १९७३ पासूनचे, पूर्व लॉस एंजेलिसचे. रॉकवर वाढलेली ही मुलं ठरवून मेक्सिकन लोकसंगीताकडे वळली, जुनी वाद्यं शिकली, लग्नकार्यांत वाजवत फिरली. १९७८ चा त्यांचा पहिला अल्बमही त्याच संगीताचा. त्यामुळे ते शेपूट हाच त्यांचा जुना धंदा, रॉकच नंतरचा.

पहिल्या क्रमांकानंतर कुणीही दुसरं ‘ला बाम्बा’ काढायच्या मागे लागलं असतं. यांनी १९८८ मध्ये ‘ला पिस्तोला इ एल कोराझोन’ हा अल्बम काढला: इलेक्ट्रिक गिटारला सुट्टी, सगळा पारंपरिक मेक्सिकन बाज. त्याला ग्रॅमी मिळालं. चार्टवाल्यांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही, आणि माझ्याकडे हल्ली लॉस लोबोसचा तोच सगळ्यात जास्त वाजतो.