शिक्षा कमी करून घ्यायचं अपील: वर्षं नेमकी कुठे कमी होतात

सत्र न्यायालयाने दहा वर्षं सुनावली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हायकोर्टात किती कमी होतील?’ उत्तर वकिलाच्या नावात नाही, निकालपत्रातल्या कलमात आहे. म्हणून आधी निकालाची प्रत. ती आरोपीला तिथल्या तिथे आणि फुकट मिळायला हवी. मिळाली नसेल तर लेखी मागा.

जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 302 खाली, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या 103 खाली, खून सिद्ध झाला असेल तर जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षाच नाही. वय कोवळं, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईबाप, हे सगळं खरं असलं तरी जन्मठेपेची बारा वर्षं होत नाहीत. तिथे एकच वाट उरते: गुन्हा खुनातून सदोष मनुष्यवधात, 304 किंवा नव्या 105 मध्ये, आणायचा. त्यासाठी लागतं ते असं: भांडण अचानक जुंपलेलं, हत्यार घरून आणलेलं नाही, घाव एकच, पडलेल्या माणसावर पुन्हा वार नाही. आणि हे साक्षींत आणि शवविच्छेदनाच्या अहवालात दिसलं पाहिजे, वकिलाच्या तोंडी असून भागत नाही. शेतातल्या भांडणात डोक्यात पाइपचा एकच घाव घातल्याच्या महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये 302 चं 304 भाग दोन (मारायचा हेतू नाही, पण मृत्यू येऊ शकतो याची जाणीव) केलं, आणि जन्मठेपेच्या जागी पाच वर्षं आली. कोर्टाला दया आली म्हणून नव्हे, कलम बदललं म्हणून.

307 चं, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं, तसं नाही. दहा वर्षांपर्यंत, इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, पण सर्वसाधारण 307 ला किमान शिक्षा ठरलेली नाही. खरा वाव इथे आहे. 397 ला, म्हणजे प्राणघातक हत्यार वापरून केलेल्या जबरी चोरीला किंवा दरोड्याला, मात्र किमान सात वर्षं. त्याखाली कोणतंही अपील न्यायालय जात नाही, कलमच पडलं तर गोष्ट वेगळी. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर शिक्षा जुन्या दंड संहितेच्याच मापाने मोजायची.

मुदत: उच्च न्यायालयात 60 दिवस, मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात 30. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडायचा; कैदेत असलेल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं सहसा ताणून धरत नाहीत. वकील नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असली तरी सत्र न्यायालयाच्या शिक्षेच्या मुदतीविरुद्ध आणि कायदेशीरपणाविरुद्ध अपील करता येतं. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

अपिलात मागण्या उतरत्या क्रमाने लिहितात: निर्दोष सोडा, ते नाही तर कलम खाली आणा, तेही नाही तर मुदत कमी करा. काही वकील अंतिम सुनावणीत ‘दोषसिद्धीवर बोलत नाही, फक्त शिक्षेवर बोलतो’ म्हणतात. पुरावा भक्कम असेल तर हा डाव शहाणपणाचा असतो. पण तो कैद्याला विचारूनच टाकायचा, कारण एकदा सोडलेला मुद्दा वरच्या कोर्टात परत उचलणं फार अवघड.

मग हरतात कुठे? शिक्षेवरच्या सुनावणीत. दोषी ठरवल्यावर कोर्ट आरोपीला शिक्षेबद्दल ऐकून घेतं, आणि तिथे बहुतेक वेळा ‘दया करा’ यापलीकडे काही नोंदलं जात नाही. मग अपिलात वकिलाच्या हातात काहीच नसतं. वयाचा दाखला, पूर्वीचे गुन्हे नसल्याची नोंद, आजाराचे कागद, जखमीला भरपाई दिल्याची पावती, कारागृहातल्या वर्तनाचा अहवाल, हे सगळं तिथेच द्यायचं. राहून गेलं असेल तर शपथपत्रासह अपिलात लावा. 307 मध्ये तडजोड करून खटला मिटवता येत नसला तरी जखमीशी झालेला समेट शिक्षा ठरवताना विचारात घेतला जातो.

आकडेमोड तर कोणी करतच नाही. समजा 307 ला सात वर्षं आणि त्याच घटनेत 452 ला, म्हणजे इजा करायच्या तयारीने घरात घुसण्याला, तीन. दोन्ही एकत्र भोगायच्या तर सात, एकापाठोपाठ भोगायच्या तर दहा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत निकाल याबद्दल गप्प असेल तर शिक्षा एकापाठोपाठ चालायची. तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 25 प्रमाणे न्यायालयाने ते स्पष्ट सांगायचं आहे. ती एक ओळ नसेल तर ती मागणं हाच अपिलातला सर्वात स्वस्त मुद्दा. निकालाआधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा झालेत का, तेही तारखा लावून तपासा. दंड न भरल्याची कैद मात्र वेगळीच चालते, तिच्यातून ते दिवस वजा होत नाहीत. पैसे भरले की ती संपते, थोडे भरले तर त्या प्रमाणात घटते.

अपील पडून राहणार असेल तर सोबत शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज. गुन्ह्याला जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं असतील तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून वेळ लागतो. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत असा अर्ज उदारपणे पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच म्हटलं आहे. जामिनावरचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. पुढे अपील फेटाळलं तर उरलेली वर्षं भोगायला परत आत जावं लागतं.

अपील केलं म्हणून शिक्षा वाढेल, ही भीती बाळगू नका. आरोपीच्याच अपिलात ती वाढवता येत नाही. वाढवायची तर सहसा सरकारने अपुऱ्या शिक्षेविरुद्ध स्वतंत्र अपील करावं लागतं, आणि त्यातही आरोपीला म्हणणं मांडायची, अगदी निर्दोष सोडा म्हणायचीही, मुभा असते. सरकारचं असं अपील आलंय का, हे पहिल्या तारखेआधीच रजिस्ट्रीत, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयात, विचारून घ्या.