बांबूची झाडं: चारपैकी एक उभं

वावरातल्या तळ्यात मासोळीला आडोसा व्हावा म्हणून बादलीत बांबू उभे रोवून मी 'झाडं' बनवली. मागच्या वेळी छाती ठोकून लिहिलं होतं, "रविवारी झाडं तळ्यात." गेली तळ्यात. सोमवारी सकाळी काटोल रोडवरच्या वावरात पोचलो, तर टोकांना बांधलेल्या चार लाल चिंध्यांपैकी पाण्यावर एकच दिसून राहिली होती. काठीनं चाचपलं, बाकी तिन्ही झाडं गाळात आडवी.

आधी तर ती बुडतच नव्हती, बाप्पा! एका बादलीत दोन इंची, सहा-सात फुटी चार बांबू आणि बुडाशी दहा किलो काँक्रीट. पण पाण्यात दहा किलो काँक्रीटचं वजन सहाच्या आसपासच भरते आणि बांबूच्या पेरापेरात हवा कोंडलेली. बादलीसकट तरंगली. म्हणून पेराला दोन-दोन भोकं पाडली, एक वर, एक खाली. इतवारी बाजारातून 'बांबूसाठी खास' म्हणून आणलेला ड्रिलच्या बिटांचा संच दुसऱ्याच बांबूत बोथट. शेवटी गॅरेजवाल्याची लोखंडात भोक पाडायची जुनी सहा एमएमची बिट कामी आली. पैसे घालवू नका, तीच घ्या.

पाण्यात सोडल्यावर भोकांतून बुडबुड बुडबुड करत हवा निघाली आणि झाड हळूहळू खाली गेलं. काठावर बसून चहा थंड होईपर्यंत पाहत होतो. तो आनंद एका रात्रीचा.

मग जे एक उभं राहिलं त्याचं काय? डोकं खाजवलं, तेव्हा आठवलं: त्या झाडाच्या वेळी बिट तुटली होती, शेंड्याची दोन-दोन पेरं तशीच राहिली होती! तीच हवा शेंडा वर ओढून धरते. बाकीच्यांची सगळी हवा मीच काढली, मग त्यांना उभं कोण ठेवणार? आता नियम एकच: शेंड्याची दोन पेरं बंद, खालची सगळी फोडायची. आणि काळ्या मातीच्या गाळात बादलीचं निमुळतं बूड कलते, म्हणून काँक्रीट पसरट घमेल्यात ओतायचं.

कोणी तरी बांबूऐवजी संत्र्याच्या छाटणीच्या फांद्या सुचवल्या होत्या. आमच्या बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) लागते, त्यातलं मोरचूद मासोळीला वाईट. वरून ओला पाला सडला की पहाटे तळ्यातला प्राणवायू खातो. बांबूच बरा, त्यावर शेवाळ धरलं की रोहू चरते.

हे लिहिता लिहिताच तळ्यात जाळं ओढणाऱ्या ढिवरमामांचा फोन आला, "भाऊ, तुमच्या या जंगलातून मी जाळं कुठून ओढू?" खरं आहे. मग घमेलं कशाला? पाण्यावर तरंगत्या दोन रिकाम्या कॅन, मध्ये आडवा बांबू, त्याला खाली लोंबणारे उभे बांबू. मे महिन्यात पाणी उतरलं तरी सोबत उतरेल, जाळ्याच्या दिवशी दोरीनं काठाला ओढून घेता येईल. पाणकावळ्यांपासून बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिल्लांना, आडोसाही मिळेल.

दोन घमेली काँक्रीट मात्र आधीच ओतून बसलो आहे. त्यांचं काय करू, सांगा.