१ जून की १ जानेवारी? सिंगापूरला निघण्याआधी अडकलेला अण्णांचा पासपोर्ट

सिंगापूरची सहल छान झाली, मुलं अजून तिथल्याच गोष्टी सांगत असतात. माझा मात्र पासपोर्टच्या एका खिडकीवरचा राग अजून गेलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन पहिल्यांदा परदेशी निघालेल्या दुसऱ्या कुणाला असा मनस्ताप होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही मालवणी मुलखातले. थोडी हापूसची कलमं, थोडी शेती. आंबा आटोपला की हात मोकळे होतात, पण तेव्हा पाऊस तोंडावर असतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. चौघांचे पासपोर्ट निघाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सासूबाईंच्या आधारवर आणि पॅनवर एकच तारीख होती, त्यामुळे त्यांचंही काम विनातक्रार झालं. घोडं अडलं ते सासऱ्यांपाशी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांच्या पॅनवर १ जून आणि आधारवर १ जानेवारी. वर्ष एकच. कोकणात या दोन तारखा घराघरात सापडतील. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी जून महिना धरून १ जून लिहून टाकत. पुढे गावात आधारचं शिबिर आलं, तेव्हा नुसतं वर्ष सांगितलं की १ जानेवारी पडायची. यात म्हाताऱ्या माणसाचा काय दोष?

खिडकीवरच्या माणसाने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि मान वर न करता सांगितलं, "जन्माचा दाखला आणा. आता नवा नियम आहे." मी विचारलं, सत्तरीच्या आसपासच्या माणसाचा दाखला आणायचा कुठून? उत्तर नाही. अण्णा एवढा वेळ गप्प होते, ते बोलले, "मी तुमच्या म्होरं उभो आसंय. जल्म झालो नाय तर इलंय खंयसून?" म्हणजे, आलो कुठून? तोवर पुढचा नंबर पुकारला गेला होता.

मग सगळा पावसाळा त्या दाखल्यामागे गेला. ग्रामपंचायतीत अण्णांच्या जन्मवर्षाचं रजिस्टरच नव्हतं. ग्रामसेवक म्हणाले, एवढं जुनं कोतवाल बुकात मिळेल, म्हणजे गाव नमुना १४. त्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या माहितीवरून त्यात चढवले जात, आणि ती जुनी बुकं तालुक्याच्या अभिलेख कक्षात. तिथे अर्ज केला. कधी साहेब मीटिंगला, कधी दप्तर सापडत नाही, कधी ते बघणारी बाई रजेवर. पावसात एसटी वेळेवर नाही, अण्णांचे गुडघे सुजलेले, आणि व्हरांड्यातल्या बाकावर छपराचं पाणी ठिबकत होतं. घरी तोवर गणपतीची तयारी सुरू झाली.

शेवटी एकदाचं लाल फडक्यातलं दप्तर सुटलं. पानं इतकी जीर्ण की बाई ती पट्टीने उलटत होत्या. कडांना कसर लागलेली, शाई तपकिरी झालेली. एका ओळीवर त्यांनी पट्टी थांबवली. तिथे माझ्या आजेसासऱ्यांचं पूर्ण नाव होतं, गावाचं नाव होतं आणि पुढे एकच शब्द, 'मुलगा'. मुलाच्या नावाची जागा कोरी. नोंद आधार-पॅनवरच्या वर्षाच्या एक वर्ष आधीची होती. अण्णांच्या आधीचा एक भाऊ तान्हेपणीच गेला. ही ओळ त्याची की अण्णांची, हे सांगणारं घरात आता कुणी नाही. अण्णांनी चष्मा पुसून वडिलांचं नाव परत परत वाचलं. नक्कल घेतली खरी, पण नावाशिवायच्या नकलेचा दाखला म्हणून उपयोग शून्य.

ती नक्कल घेऊन पुन्हा पासपोर्टच्या खिडकीवर गेलो. या वेळी वेगळे अधिकारी होते. त्यांनी अण्णांना आधी बसायला खुर्ची दिली, कागद पाहिले आणि म्हणाले, "यांना जन्मदाखला लागतच नाही. फक्त दोन्ही कार्डांवर तारीख एक करून आणा."

मला खरंच रडू फुटलं. दाखल्याची सक्ती आहे ती १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. २०२५ साली पासपोर्टचे नियम बदलले ते तेवढ्यापुरते. त्याआधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, वाहन परवाना असे बाकीचे कागद पूर्वीसारखेच चालतात. तान्ह्या बाळांसाठीचा नियम माझ्या सासऱ्यांना लावला गेला होता! खिडकीवर बसणाऱ्याला एवढं माहीत असायला नको?

म्हणून सांगते, अमुक कागद हवाच असं कुणी म्हटलं, तर कुठल्या नियमाने ते तिथल्या तिथे विचारा, आणि लगेच १८००-२५८-१८०० या पासपोर्ट सेवेच्या मोफत क्रमांकावर खात्री करून घ्या. नंतरच पुढची धावपळ करा.

आधारवरची जन्मतारीख बदलणं अवघड, त्यासाठी पुन्हा पुरावा मागतात. पॅनवरची तारीख तेव्हा आधार दाखवून ऑनलाइन दुरुस्त होत होती. आम्ही तेच केलं. नवं पॅन टपालाने आलं. तसंही आधार आणि पॅन जोडायचं तर तारीख जुळावीच लागते, तेव्हा तुमच्या घरातली कार्डं आजच शेजारी ठेवून बघा. अर्ज भरायच्या आदल्या रात्री नको. त्यानंतर पोलीस पडताळणी झाली आणि स्पीड पोस्टाने पासपोर्ट घरी आला. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या १,५०० रुपये फीमध्ये दहा टक्के सूट असते, म्हणजे १,३५०. पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा अण्णांनी ते न उघडता आधी देवापुढे ठेवलं.

व्हिसाला त्रास नाही. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो, फॉर्म १४ए भरावा लागतो. फी ३० सिंगापूर डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, आणि एजंटचे पैसे वेगळे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. आमच्या बाजारातल्या स्टुडिओत सवयीने निळा पडदा लावतात, तेव्हा आधीच बजावून सांगा.

सिंगापूरला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे येणाऱ्या प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं. ते सरकारी आणि पूर्ण मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात, तिकडे वळू नका.

आणि हे फार महत्त्वाचं: घरात कुणी तंबाखू खात असेल तर बॅगा स्वतः तपासा. चघळायची तंबाखू आणि गुटखा सिंगापुरात न्यायला बंदी आहे, आणि सिगारेटवर शुल्कमाफी अजिबात नाही. अण्णांची चंची मी कोकणकन्येत चढायच्या आधीच काढून घेतली. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, पण मी बधले नाही.

तिथे गेल्यावर मुलांना चांगी विमानतळाच्या ज्वेल या मॉलमधला चाळीस मीटरचा धबधबा आवडला आणि गार्डन्स बाय द बेमधला झाडांवरच्या दिव्यांचा खेळ. तो रात्री ७.४५ आणि ८.४५ ला असतो, तिकीट नाही. मेट्रोचे डबे, फलाट, सरकते जिने, सगळं ज्येष्ठांना सोपं जाईल असं बांधलेलं. सासूबाई पहिल्याच दिवशी एकट्या लिफ्ट शोधून वर गेल्या. अण्णा मात्र रमले ते लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये, तळमजल्यावरच्या मासळीबाजारात. सुरमईचे कल्ले वर करून पाहिले, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ताजी आसा." विकणाऱ्याला शब्द कळला नसेल, पण त्याने हसून दुसरी, त्याहून मोठी सुरमई पुढे केली.

एक राहिलं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक हवी. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांचा दहा. म्हणजे पुढच्या खेपेला मुलांचे आधी संपतील. त्याची तारीख मी आत्ताच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे.