अंगणवाडीच्या फरशीवरची राखाडी रेघ

मागच्या वर्षी जानेवारीत, सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता तेव्हाची गोष्ट आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

मी आरबीएसकेमध्ये मेडिकल ऑफिसर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे, गाडी घेऊन अंगणवाडी नि शाळेत पोरं तपासायला जी टीम येते ना ती आमची. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक फार्मासिस्ट. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा, शाळेत एकदा. वजन, उंची, दंडाचा घेर, डोळे, कान, दात, हृदयाचे ठोके, काही सापडलं की पुढे पाठवायचं. काम माझ्या आवडीचं आहे, टाळूला फट असलेलं बाळ ऑपरेशन होऊन परत आलं नि हसलं की पुढचे चार महिने मला दुसरं काही लागत नाही.

त्या दिवशी आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला एका वस्तीत होतो. नाव देत नाही, घर ओळखू येईल. घरोघरी बायका विड्या वळतात, गडीमाणसं कुणी लूमवर, कुणी रिक्षावर. अंगणवाडीत पस्तीसेक पोरं, निम्म्यांच्या हातात गड्ड्यावरची पिपाणी. सेविकाताईंनी एका पोराला पुढं केलं, त्याला आपण विठू म्हणू, पावणेचार वर्षांचा. म्हणल्या, मॅडम ह्याला जरा नीट बघा, सारखा किरकिर करतो, पोट दुखतं म्हणून रडतो, चार-चार दिवस संडासला होत नाही, आणि आधी जी गाणी म्हणायचा ती पण आता म्हणत नाही.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकलं पण धरलं नाही.

पापणी खाली ओढली तर पांढरीफटक. कार्ड उघडलं तर सहा महिन्यांपूर्वीची माझीच सही, ॲनिमिया, आयर्न सिरप. सिरप दिलं का विचारलं तर ताईंनी वही दाखवली, आठवड्यातनं दोनदा एक-एक एमएल, सगळ्या तारखा लिहिलेल्या, जंताची गोळी पण झालेली. तरी रक्त वाढलेलं नाही. सोबत आजी होती, ती म्हणाली, "माती खालंय ओ मॅडम, भिंत चाटालंय, कितीबी मारलं तरी ऐकंना." माती खाणारं पोर आम्हाला रोज एक तरी भेटतं, त्यामुळं मी तेच नेहमीचं लिहायला घेतलं, मागं लाईन लागलेली, साडेअकरा वाजलेले.

तेवढ्यात हे पोरगं खाली बसलं आणि शहाबादी फरशीवर रेघा ओढायला लागलं. राखाडी, चकचकीत रेघ. शिसपेन्सिलीसारखी, पण पेन्सिल फरशीवर अशी उठत नाही. मी म्हणलं बघू रे काय आहे, तर मूठ उघडंना, सिस्टरांनी गोड बोलून उघडवली. सुपारीएवढा चपटा तुकडा, एका बाजूला बारीक दातांचे ठसे. आणि जड. एवढासा तुकडा आणि हातात घेतल्यावर हात खाली जातो असा जड. मी गाडीच्या किल्लीने त्याच्यावर चरा मारला, वरनं मळकट काळा होता तो आतनं लख्ख निघाला.

आयुर्वेदाच्या कॉलेजात रसशास्त्राच्या, म्हणजे धातू नि खनिजांच्या औषधांच्या, तासाला सर एक एक धातू हातात द्यायचे. नाग म्हणजे शिसं, लवकर वितळणारं, फार जड, कापलं की आतनं काळसर चमकणारं. ही व्हायवाला पाठ केलेली लक्षणं, एवढ्या वर्षांत कधी कामाला आली नव्हती, आणि त्या दिवशी ती सगळी माझ्या तळहातावर होती. त्याच्यावर पोराचे दात उमटलेले.

आजीला विचारलं हे कुठलं, तर म्हणाली घरी पडलेलं असतंय की, बाप बॅटऱ्या फोडतोय.

दुपारी डबा न खाताच सेविकाताईंबरोबर घरी गेले. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, शेजारी अकरा महिन्यांची पोरगी रांगत होती. मागचं अंगण म्हणजे बारा बाय दहाची मातीची जागा, कोपऱ्यात रिक्षाच्या नि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्यांचे फुटके डबे, तीन दगडांची चूल, तिच्यावर काळी कढई. ॲसिड जिथनं मोरीकडे गेलं होतं तिथली फरशी खाऊन खाऊन खरबरीत झालेली. सगळ्या अंगणावर एक करडी बारीक पूड, जशी पिठाच्या गिरणीत सगळ्यावर बसते तशी. नि त्याच अंगणात पाण्याचं पिंप, त्याच अंगणात पोरांची आंघोळ, वाळत घातलेली लंगोटी.

बाप आला रिक्षा लावून. तिशीतला, साधा माणूस. मी म्हणलं दादा हे कधीपासनं, तर म्हणाला वर्ष होईल, भंगारवाल्याकडनं बॅटऱ्या आणायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, वितळवून लगडी करून त्यालाच परत द्यायच्या, किलोवर पैसे मिळतात. "रात्रीच करतो मॅडम, पोरं झोपल्यावर. दिवसा धूर दिसला की शेजारचे बोलतात." म्हणजे पोरांची काळजी त्याला होती, म्हणून तर तो रात्री करत होता. शिसं वितळायला ३२७ डिग्री पुरतात, घरच्या चुलीवर होऊन जातं, आणि धूर विरला तरी त्यातलं शिसं अंगणातच बसतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता पुढचा प्रश्न, तपासायचं कसं. आमच्या कार्यक्रमात जे आजार शोधायचे त्यांची यादी आहे, रक्तक्षय आहे, कुपोषण आहे, ड जीवनसत्त्व आहे, बहिरेपणा आहे. शिसं नाही. फॉर्मवर रकाना नाही तर तपासणीला पैसेही नाहीत. आम्ही चौघांनी आणि सेविकाताईंनी वर्गणी काढली (ताईंचं मानधन किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांनी काढून दिले), दोन्ही भावंडांचं रक्त एका प्रायव्हेट लॅबमधनं मुंबईला पाठवलं. आठव्या दिवशी रिपोर्ट. विठू ४३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. बहीण २९.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासनं म्हणते की ५ आलं तरी शिसं कुठनं येतंय ते शोधा आणि थांबवा, आणि लहान मुलांना चालेल असं सुरक्षित प्रमाण मुळात नाहीच. आकडा ४५ वर पोचला की शिसं शरीरातनं बाहेर काढायचं औषध सुरू करतात. आम्ही ४३ वर होतो.

बालरोगतज्ज्ञ सरांनी विठूच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. लाईटवर लावून मला दाखवला, मांडीच्या हाडाच्या टोकाला खडूने ओढावी तशी जाड पांढरी रेघ. म्हणजे काही महिने हे चालू आहे. सर म्हणले, रक्तात जे दिसतं ते थोडं, खरा साठा हाडात बसतो नि वर्षानुवर्षं तिथनं हळूहळू रक्तात येत राहतो. आणि औषध देऊन पोर परत त्याच अंगणात सोडलं तर काय उपयोग, आधी अंगण बघा. मग माझं सहा महिन्यांपूर्वीचं आयर्न का लागू पडलं नाही ते पण त्यांनी समजावलं. शिसं रक्त तयार होण्याच्या कामातच खोडा घालतं, आणि अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्तच ओढून घेतं. तसंही लहान पोर मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट जास्त शिसं शोषतं. म्हणजे विठूच्या अंगात एकाने दुसऱ्याला हात दिला होता, आणि मी त्यातलं एकच बघून कार्ड बंद केलं होतं. ह्याचं मला फार वाईट वाटतं, अजून वाटतं. गाणी विसरला म्हणून ताई सांगत होत्या ना, ते शिसं मेंदूवर परिणाम करतं त्याचं होतं.

त्या आठवड्यात रात्री जागून मी जमेल तेवढं वाचलं. सेनेगलमध्ये डाकारजवळ २००७-०८ मध्ये अशाच बॅटऱ्या फोडण्याच्या कामामुळं काही महिन्यांत १८ लहान मुलं गेली. ते वाचून लॅपटॉप बंद केला, पाणी प्यायले, परत उघडला. युनिसेफचा २०२० चा अहवाल सांगतो की जगातल्या तीन मुलांमागं एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली.

सरकारने काहीच केलं नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं, आणि हे फार मोठं काम होतं, आपल्या सगळ्यांच्या पोरांना त्याचा फायदा झाला. घराच्या रंगात ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर शिसं नको हा नियम २०१६ मध्ये आला, १ नोव्हेंबर २०१७ पासनं लागू. खेळण्यांना आयएसआय मार्क २०२१ पासनं सक्तीचा. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराकडे परत जाव्यात आणि नोंदणी असलेल्या कारखान्यातच गाळल्या जाव्यात हा नियम तर २००१ पासनंचा आहे, २०२२ मध्ये नवीन नियम आले नि बॅटरी बनवणाऱ्यावरच जबाबदारी टाकली. एवढं सगळं असून विठूच्या अंगणात कढई पेटत होती, कारण भंगारवाला जागेवर रोख देतो, आणि कागदावरचा नियम नि त्या अंगणाच्या मध्ये उभं राहायला कुणी नाही. पोराच्या रक्तापर्यंत पोचणारी सरकारची गाडी एकच आहे, आमची. तीच गाडी शिसं विचारत नाही. हे मला बोचतं.

ज्यांचं हे काम आहे त्या ऑफिसला मी लेखी दिलं. माणूस यायला अडीच महिने लागले. पण त्याआधीच विठूच्या बापाने हात जोडले, म्हणला तक्रार करू नका, मीच बंद करतो, आणि खरंच केलं, एक्स-रेवरची ती रेघ बघून. डबे, कढई सगळं उचलून नेलं. पण पूड तर तिथंच. झाडू मारायचा नाही, धूळ उडते, रोज ओल्या फडक्याने पुसायचं, पोरांचे हात जेवणाआधी धुवायचे, असं मी आईला सांगत होते, आणि ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मॅडम, नळ पाचव्या दिवशी येतोय."

सोलापुरात राहून मी हे विसरले होते. मग दोघी बसलो हिशोब करत. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी बादलीत धरायचं, त्याने घर पुसायचं, पाणी मोरीतच टाकायचं. पिंप पुढच्या दारी आणलं. अंगणावर वीतभर मुरूम टाकून वरनं शहाबादी बसवली, फरशी सेविकाताईंच्या दिराने जुनी दिली. खायला गूळ-शेंगदाणे, नाचणी, लिंबू, आणि सिरप परत सुरू. महिन्याने विठू ३४ वर आला, जूनमध्ये २३. बहीण १६. सर म्हणले उतरतंय पण सावकाश, हाडातनं येत राहणार. जूनमध्ये त्याने मला एक गाणं म्हणून दाखवलं, अर्धं. मधेच अडकला, आईने शब्द दिला, मग पुढं म्हणाला.

तेव्हापासनं मी प्रत्येक आईला तपासताना विचारते. घरात किंवा शेजारी बॅटरीचं काम आहे का, कल्हई कोण करतं, बाळाच्या डोळ्यात सुरमा घालता का, देवाचा शेंदूर पोराच्या हाताला लागतो का. खऱ्या शेंदरात शिसंच असतं, हे ऐकून आज्या माझ्याकडं रागाने बघतात, तरी सांगते, देवाला लावा पण डबी वर ठेवा, पोराचं बोट त्यात जाऊ देऊ नका.

ऑनलाइन नोंदीत विठू 'इतर' मध्ये गेला, दुसरा पर्यायच नव्हता. रकाना वाढवा म्हणून वरती लेखी दिलंय, दोनदा. त्या गल्लीत पाच वर्षांखालची अजून अकरा पोरं आहेत. पाच जणांचं रक्त आमच्या वर्गणीतनं झालं, पाचही जण १० च्या वर निघाले. सहा राहिलीत. त्यांची नावं डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत, पुढच्या पगाराला दोघांचं करणार आहे, सिस्टर म्हणाल्या एकाचं त्या करतील.