अँटिव्हायरस रिन्यू करण्याआधी

आधी उत्तर, मग कारणं. घरात एक-दोन लॅपटॉप, त्यांवर विंडोज ११, अपडेट्स चालू आणि क्रॅक केलेलं काही टाकलेलं नाही, एवढं असेल तर अँटिव्हायरससाठी वेगळे पैसे मोजू नका.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पुरता अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. सुरुवातीला तो यथातथाच होता आणि ती बदनामी अजून त्याच्या मागे आहे. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते, आणि गेल्या काही वर्षांत डिफेंडरने ते १८ पैकी १८ अनेकदा मिळवलेत. खरी उणीव वेगळीच आहे: इंटरनेट नसलं की तो बराच कमजोर पडतो, कारण त्याचं निम्मं डोकं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतं. त्यामुळे नेट नसलेल्या आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीला चांगला विकतचा अँटिव्हायरस घ्यावा.

गडबड बहुतेक वेळा नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलमुळे होते. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर बाजूला होतो. ट्रायल संपते, तिचे अपडेट्स थांबतात, पण ती तशीच पडून राहते आणि मशीनवर धड कोणाचंच लक्ष नसतं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथून ती काढा. निघत नसेल तर त्या कंपनीच्या साइटवर खास रिमूव्हल टूल मिळतं. रीस्टार्ट केल्यावर स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा आणि अपडेटची तारीख आज-कालची आहे ना ते पाहा. 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर ही तिन्ही प्रोटेक्शन्स चालू हवीत.

त्याच पानावर खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे (रॅन्समवेअर म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस). त्यातला 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमधल्या फाइल्स बदलू देत नाही. तो मुळात बंद असतो, चालू करा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर त्यात आपोआप येतात; टॅलीचा डेटा दुसरीकडे असेल तर तो फोल्डर हाताने जोडावा लागतो. मग एखादा साधासुधा प्रोग्रॅम 'फाइल सेव्ह होत नाही' म्हणून अडून बसेल. तेव्हा हे बंद न करता 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप'मधून तेवढ्याच प्रोग्रॅमला वाट द्या.

विंडोज १० चा प्रश्न निराळा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोजमधलं भोक विकतचा अँटिव्हायरस बुजवत नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं. ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारं अपडेट, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आलं होतं, ते न टाकलेल्या मशीन्स सापडल्या. अशा पीसीवर पैसे घालायचेच तर आधी विंडोज ११ कडे जाण्यासाठी घाला.

पैसे देणं पटतं ते ऑफिसला. सीएकडे किंवा दवाखान्यात आठ-दहा मशीन्स असतील, तर कुठलं मशीन अपडेट झालं नाही आणि कोणी कुठला पेनड्राइव्ह लावला, हे एका जागेवरून दिसायला हवं. त्यासाठी कंपन्यांची एंडपॉइंट आवृत्ती असते (पुण्याच्या क्विक हीलची ती सेक्राइट नावाने येते). घरगुती आवृत्तीच्या दहा लायसन्स-की आणून हे काम होत नाही. आणि रिन्यूअलचा आकडा निमूटपणे मान्य करू नका. नवी की बऱ्याचदा त्याहून स्वस्त पडते. ऑटो-रिन्यू खरेदीच्या दिवशीच बंद करा.

'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' असं कोपऱ्यात सारखं येत असेल, तर तो बहुधा एखाद्या साइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीचा प्रताप. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. फोनवरच्या 'बँकवाल्या'ने एनीडेस्क (दुसऱ्याचा पीसी लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं, तर मात्र कुठलाच अँटिव्हायरस हमखास अडवेल असं धरू नका, कारण ते सॉफ्टवेअर खरंखुरं आहे.

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. आठवड्यातून एकदा बॅकअप घेतला की केबल काढून ती कपाटात ठेवा. पीसीला लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइल्सनाही कुलूप घालतं.