येरळवाडीचा गाळ

मागील फेब्रुवारीतील एका रविवारी आम्ही पहाटे साडेचारलाच सांगली सोडली आणि तासगाव, विटा, मायणी असे करत येरळवाडीच्या जलाशयावर पोहोचलो, तेव्हा नुकतेच उजाडत होते. दोन्ही मुले पेंगुळलेली होती. सासूबाई मात्र टक्क जाग्या होत्या, कारण खटाव तालुका हे त्यांचे माहेर. येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, त्यामुळे माहेरचेच पाणी सासरी येते, असे त्या आम्हांला नेहमी ऐकवतात.

पाणी काठापासून बरेच आत सरकले होते आणि मध्ये काळ्याशार चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. तो पाहताच सासूबाईंचा चेहरा उतरला. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला तळ्याचा तळ दिसू लागणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. "आत्ताच इतकं उतरलंय, मग उन्हाळ्यात कसं व्हायचं?" एवढेच त्या म्हणाल्या.

परंतु आम्ही ज्यांच्यासाठी आलो होतो, ते पक्षी याच उथळ पाण्यामुळे आले होते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांनी चिखल ढवळतो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चोचीतील बारीक दातऱ्यांमधून पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ खातो. जलाशय काठोकाठ भरलेला असेल, तर त्याचे पाय तळाला टेकत नाहीत आणि जेवणही नीट होत नाही. त्या दिवशी सुमारे तीसेक रोहित होते, त्यांपैकी काही करडेच दिसत होते. "ते मळलेत का?" असे धाकटीने विचारले, तेव्हा ती लहान पिल्ले असून गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो, असे मी तिला समजावले. यानंतर आपणही बीट खाल्ले तर काय होईल, यावर बरीच चर्चा झाली, ती येथे देत नाही.

सासूबाईंना रोहितांपेक्षा वारकरी अधिक आवडला. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पाणपक्ष्याचे नाव ऐकताच त्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ ती कोणाला दिली नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब मात्र आम्हांला दिसले नाहीत.

मायणी, येरळवाडी व आसपासच्या जलाशयांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. काठावरून पाहावे, जवळ जाऊ नये, हे मी मुलांना गाडीतच बजावले होते. तरीही थोरला चार पावले पुढे गेलाच आणि त्याची एक चप्पल चिखलाने गिळली. ती काढताना माझे हात कोपरापर्यंत माखले. पक्षी उडाले नाहीत, हे आमचे नशीब.

पावसाळा लागला की जलाशयात पाणी किती चढले, हे सासूबाई दरवर्षी भावाला फोन करून विचारतात. या जुलैत धरण भरत आल्याचे ऐकून त्यांना फार बरे वाटले. मग थोडे थांबून त्यांनी हळूच विचारले, "आणि ते उलट्या चोचीचे कुठं गेले रे?"